सुवर्णाच्या पेटीतलं मेतकूट

रबरी हातमोजे घातलेल्या माणसानं पुरचुंडी दोन बोटांत धरली आणि नाकापासून लांब ठेवून उजेडात नेली. मग त्यानं दुसऱ्या माणसाला बोलावलं. दुसऱ्यानं तिसऱ्याला. आम्ही तिघं, म्हणजे मी, माझे वडील अण्णा आणि सुवर्णा खोत, विमानतळावरच्या तपासणीच्या खोलीत, जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीच्या अलीकडे उभे होतो. समोरच्या टेबलावर सुवर्णाच्या सायकलीची पुठ्ठ्याची पेटी उघडी पडली होती. माझी पेटी केव्हाच बाहेर आली होती.

"काय आहे गं ते?" अण्णांनी मला विचारलं. त्यांचा चष्मा पिशवीच्या तळाशी गेला होता.

"मेतकूट," मी म्हणाले.

"कुणाचं?"

"आपलंच. आईच्या हातचं."

पुरचुंडी मी लांबूनच ओळखली होती. माझ्या लहानपणीच्या हिरव्या पट्ट्यांच्या झग्याचा तुकडा होता तो, कडेनं हातशिलाई घातलेला. आई जुनं कापड टाकत नाही. पेटीतून आणखी दोन पुरचुंड्या निघाल्या. एकीत भाजणी, एकीत सुंठपूड. सायकलीच्या सांगाड्याला घासू नये म्हणून कोंबलेल्या जुन्या साड्यांच्या चिंध्यांत त्या नीट लपेटून ठेवलेल्या होत्या.

"तरी मी हिला वीसदा बजावलं होतं," अण्णा पुटपुटले. "पीठ नको, पूड नको. नंद्याला मस्कतच्या विमानतळावर अर्धा दिवस बसवून ठेवलं होतं, ते काय विसरली?"

नंदूमामाचा तो किस्सा आमच्या घरी दर दिवाळीला निघायचा. आईनंच त्याला भाजणी बांधून दिली होती, आणि तिथल्या लोकांनी त्याची बॅग, बूट, सगळं उलटंपालटं केलं होतं. सांगताना आई डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसायची.

मला मात्र त्या क्षणी मस्कत आठवलं नाही आणि पुढं काय होणार याची काळजीही वाटली नाही. खरं सांगते, माझ्या मनात एकच आलं. आईनं मेतकूट दिलं, आणि ते हिच्या पेटीत. माझ्या पेटीत चिंध्यांशिवाय काही नव्हतं.

सुवर्णाचं आणि माझं काय होतं ते इथंच सांगून टाकते, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल.

अण्णांचं सांगलीत सायकलचं दुकान. तरुणपणी ते स्वतः शर्यतीत पळवायचे, पुढं गुडघा गेला. मी त्यांची एकुलती एक. कळायला लागल्यापासून मी त्यांच्या देखरेखीखाली सायकल मारत होते, जिल्ह्यात पहिली यायचे, पेपरात फोटो यायचा. मग एका सकाळी आयर्विन पुलाच्या चढावर मी रेसिंगच्या सायकलवर खाली मान घालून जीव काढत होते, अण्णा मागून स्कूटरवर घड्याळ लावून येत होते, आणि एक पोरगी दुधाचे दोन कॅन लटकवलेल्या साध्या सायकलवर माझ्या शेजारून पुढं निघून गेली. तोंडानं काहीतरी गुणगुणत होती. डिग्रजहून रोज रतिबाचं दूध घालायला यायची ती. अण्णांनी स्कूटर माझ्यामागून काढली आणि तिच्यामागं लावली. ती स्कूटर परत माझ्यामागं कधी आली नाही.

दोन वर्षं मी ते बघत होते. तिच्या पायांना तेल कुठलं, तिनं सकाळी काय खावं, तिची झोप नीट झाली का. मला अण्णा म्हणायचे, "तू वारा फोड. ती डोंगर चढेल." सायकलच्या शर्यतीत ही रीतच असते. एकानं पुढं राहून वारा अंगावर घ्यायचा, म्हणजे मागच्याची ताकद राखली जाते आणि चढ आला की तो सुटतो. नाव त्याचं होतं, फेस आपल्या तोंडाला येतो. मी वारा फोडायचे आणि घरी येऊन आईजवळ कढ काढायचे. रोज. पोळ्या लाटता लाटता ती ऐकून घ्यायची, बोलायची काही नाही.

आणि आता एका साखर कारखान्यानं तिकिटं काढून दिली म्हणून आम्ही इटलीत आलो होतो. डोंगरातल्या एका गावी बायकांची खुली शर्यत होती. शर्यत दुसऱ्याच दिवशी सकाळी होती.

"राइस," अण्णा त्या हातमोजेवाल्याला सांगत होते. "हॉट राइस. तूप. मग हे. मग मिक्स." त्यांनी हातानं भात कालवून दाखवला. तो माणूस ढिम्म. शेवटी अण्णांनी पुढं होऊन चिमूटभर मेतकूट उचललं, खाऊन दाखवावं म्हणून, तर दोघांनी त्यांचा हात मनगटात धरला. त्याच सुमाराला जगात कुठं कुठं पाकिटातून विषारी पूड पाठवल्याच्या बातम्या होत्या. पिवळी पूड, चिंध्यांत लपवलेली. त्यांचंही काय चुकलं?

पूड तपासायला जाणार, तपासणीचा निकाल येईपर्यंत पेटी इथंच राहणार, असं एका बाईनं येऊन इंग्रजीत सांगितलं. कधीपर्यंत? बाईनं खांदे उडवले. उद्या शनिवार, परवा रविवार. सोमवारी या.

अण्णा मटकन तिथल्या बाकड्यावर बसले. सुवर्णा मात्र उघड्या पेटीकडेच बघत होती.

"काकूंनी माझ्यासाठी दिलं व्हय?" ती मला हळूच म्हणाली. "मला सांगितलं पण न्हाई."

"मलाही नाही," मी म्हणाले.

माझी सायकल माझ्याजवळ होती आणि तिची अडकली होती. मी तोंड फिरवून पेटीची दोरी आवळत बसले. चेहऱ्यावर काय उमटलंय ते अण्णांना दिसायला नको होतं.

स्टेशनावर आलो तर तिथं सगळं शांत. फलाटावर कबुतरं. रेल्वेचा संप. एक दिवसाचाच होता, पण आमचा दिवसही तोच होता. बाहेर बदली बस उभी होती. ड्रायव्हरनं माझी पेटी बघितली आणि बोट नाचवून नाही म्हणाला. अण्णांनी हात जोडले, कारखान्याचं पत्र दाखवलं, छातीवर हात ठेवला. शेवटी ड्रायव्हरनं खुणेनं सांगितलं, मांडीवर मावेल तेवढं आणा.

मग अण्णांनी रस्त्याच्या कडेला बसून पेटी फाडली. चाकं काढलेलीच होती. एक चाक त्यांनी घेतलं, एक माझ्याकडे दिलं, आणि सांगाडा उचलून सुवर्णाच्या हातात ठेवला.

"सांगाडा मी घेते की," मी म्हणाले.

"तिचे हात लांब आहेत. नीट धरेल ती."

बघा म्हणजे. अख्ख्या प्रवासात माझी सायकल तिच्या मांडीवर, आणि मी एक चाक घेऊन शेजारी. तो सांगाडा अण्णांनी माझ्या अठराव्या वाढदिवसाला स्वतः जोडला होता, निळा रंग दिला होता, नळीवर बारीक अक्षरांत 'पद्मा' लिहिलं होतं. वर्षभरानं त्याच मापाचा दुसरा सांगाडा त्यांनी सुवर्णाला जोडून दिला. फरक एवढाच की तिची सीट माझ्यापेक्षा दोन बोटं वर असायची.

बस चालू लागल्यावर सुवर्णा त्या नळीवरच्या अक्षरांवरून अंगठा फिरवत बसली.

"पद्मे, एक सांगू?"

"सांग."

"मला आजवर कुणी असं बांधून दिलं नव्हतं गं. आमची आई पहाटे द्राक्षाच्या मळ्यात जाती. नॅशनलला गेलतो तवा शेजारच्या मावशीनं चार भाकऱ्या दिल्या, ते बी मी मागितल्यावर. काकूंनी न मागता दिलं." तिनं सांगाडा मांडीवर नीट सावरला. "सायकल अडकली त्याचं वाईट वाटतंय. पण आत कुठंतरी बरं पण वाटतंय. येडी म्हणशील मला."

मी खिडकीबाहेर बघत राहिले. बाप नेलास तो नेलास, आता आईपण ने. हे मी बोलले नाही, पण ओठांवर आलं होतं. मला नॅशनलला जाताना आईनं काय दिलं होतं ते आठवू लागले. धपाटे दिले होते, लाडू दिले होते. तरी मेतकूट नव्हतं दिलं. असल्या वेळी माणूस किती खालच्या थराला जाऊन हिशेब करतं.

निघताना आईनं माझ्या तळहातावर दही घातलं तेव्हा ती एवढंच म्हणाली होती, "पदू, या खेपेला तू पुढं असशील बघ." आया म्हणतात तसलं काहीतरी. मी दही चाटून हात धुतला होता.

ड्रायव्हरनं आम्हाला उतरवलं त्या गावाच्या पाटीवर नाव बरोबर होतं, पण शर्यतीची एक पताका नाही की माणूस नाही. एक आजीबाई दारात शेंगा सोलत होती. अण्णांनी तिला कागद दाखवला. तिनं कागदावरच्या नावापुढच्या शब्दावर नख टेकवलं आणि वर डोंगराकडे हात केला. मग खाली जमिनीकडे बोट दाखवून मान हलवली.

"च्यायला," अण्णा म्हणाले, "इथं पण बुद्रुक आणि खुर्द आहे."

आम्ही खालच्या गावात होतो. वरचं गाव डोंगराच्या माथ्यावर, रस्ता वळणावळणाचा. पुढची बस नाही. आणि नाव नोंदवायची वेळ संध्याकाळी संपत होती. दोघींपैकी एकीनं तरी स्वतः जाऊन तोंड दाखवायचं होतं, नाहीतर दोघींची नावं कटणार होती.

अण्णांनी विहिरीसारख्या एका दगडी कठड्याला टेकवून सायकल जोडली. चाकं बसवली, ब्रेक आवळले, साखळीला रुमालानं तेल पुसलं. हात पुसत त्यांनी वर रस्त्याकडे पाहिलं. आणि मान न वळवता म्हणाले, "सुवर्णा, तू जा. पोचून दोघींची नावं सांग. आम्ही सामान घेऊन येतो मागून."

माझी सायकल. माझ्या नावाची.

सुवर्णानं माझ्याकडे पाहिलं. "पद्मे, जाऊ?"

"जा ना. मला कशाला विचारतेस?"

ती बसली. सीट तिला खाली पडत होती, गुडघे वर येत होते. तरी पहिल्या वळणाला ती उठून उभी राहिली आणि ती निळी सायकल अशी वर जाऊ लागली, जसं कुणी वरून ओढून घेतंय. मी तिला मागून नीट कधी पाहिलंच नव्हतं. मी नेहमी पुढं, वारा फोडत. चढ लागला की ती सुटायची आणि मी खाली मान घालून धापा टाकायचे. त्या दिवशी पहिल्यांदा निवांत उभं राहून बघितलं. सुंदर चढत होती ती. माझ्या सायकलवर, चुकीच्या सीटवर. मला इतकं वाईट वाटलं की पायातले बूट काढून फेकावेसे वाटले.

अण्णा बघत होते. त्यांचं तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलांचं असतं तसं.

"माझ्याकडे असं कधी बघितलंत का हो अण्णा?" मी विचारलं.

ते बॅगा उचलू लागले.

अर्ध्या वाटेत एका ट्रॅक्टरवाल्यानं आम्हाला ट्रॉलीत घेतलं. वरच्या गावात पोचलो तेव्हा उन्हं उतरली होती. चौकात पताका, मांडव, निरनिराळ्या देशांच्या पोरी. सुवर्णा पायऱ्यांवर बसली होती, सायकल शेजारी. नावं नोंदवून झाली होती. पण गोष्ट तिथंच अडली. सायकल एक, स्पर्धक दोन. आयोजकांकडे एक जादा सायकल होती, ती कुणा ताडमाड बाईची. आम्ही दोघींनी आळीपाळीनं बसून पाहिलं, पाय पेडलला नीट टेकेनात. जेवणाआधी कोण पळणार ते सांगा, असं आयोजक बाई म्हणाली. एकच नंबर मिळेल.

"सायकल तिची हाय सर," सुवर्णा म्हणाली. "ती पळू दे. मी रस्त्याला उभं राहून पाणी देतो." हे ती मनापासून म्हणत होती. तेच मला सोसवत नव्हतं. तिनं भांडायला हवं होतं.

अण्णांनी मला बाजूला नेलं. चर्चच्या भिंतीला टेकून आम्ही दोघं उभे राहिलो.

"सायकल तुझी आहे," ते म्हणाले. "मी माझ्या तोंडानं काढून घेणार नाही."

"पण तुमच्या मनात काय आहे?"

"मनातलं तुला माहीत आहे. म्हणून तर विचारतेस."

"एकदा, अण्णा. एकदा तरी मी कुणासाठी वारा न फोडता पळावं असं तुम्हाला वाटत नाही?"

"वाटतं की," ते म्हणाले. "पण तू पळालीस तर बापाला बरं वाटेल. ती पळाली तर तिची शर्यत होईल. यातलं काय मोठं ते मला ठरवता येईना बघ. तू ठरव. तू जे ठरवशील त्याला मी नाव ठेवणार नाही."

असं कुणी बोललं की भांडता पण येत नाही. मी ठरवलंच होतं खरं तर. सायकल माझी, नंबर माझा, उद्या अण्णा रस्त्याच्या कडेला उभे राहतील ते माझ्यासाठी. एवढ्या सरळ गोष्टीला देवानं आपणहून वाट करून दिली होती, आणि मी काय म्हणून सोडायची? फक्त कुणीतरी हो म्हणायला हवं होतं. म्हणून मी चौकातल्या फोनच्या डब्यात शिरले आणि घरी फोन लावला.

सांगलीत सगळं आवरून आई आडवी झाली असेल असं वाटलं होतं. पण पहिली घंटा पुरी वाजायच्या आत फोन उचलला गेला. फोनजवळच बसलेली असणार.

"हॅलो, आई..."

"पदू? तिची पेटी अडकली काय गं?"

मी हॅलोपलीकडे काही बोलले नव्हते.

"कुणाची?" मी विचारलं.

"तिची. सुवर्णाची. बोल की लवकर, अडकली ना? तुझी सुटली ना नीट?"

तिचा आवाज कसा होता ते सांगता येणं अवघड आहे. घाईचा, दबका, आणि आत कुठंतरी खूश. तो आवाज मी ओळखला. तो माझाच होता. दोन वर्षं पोळ्यांच्या शेगडीजवळ बसून मी ह्याच आवाजात बोलत होते.

मग सगळं एकामागून एक डोळ्यांपुढून गेलं. निघायच्या आदल्या दिवशी सुवर्णा आमच्याकडेच उतरली होती. आई म्हणाली होती, तुम्ही दोघी निजा, चिंध्या मी कोंबते. मेतकूट, भाजणी, सुंठ. तिन्ही पूडच. लाडू एकही नव्हता, धपाटे नव्हते, खायचं म्हणून द्यावं असं काही नव्हतंच. आणि मस्कत. आई कधी काही विसरत नाही. दूधवाल्याच्या तीन वर्षांपूर्वीच्या खाड्यांसकट सगळं तिच्या लक्षात असतं.

माझ्यासाठी केलं होतं तिनं. ज्या बाईनं जन्मात कुणाच्या झाडाचं फूल न विचारता तोडलं नाही, तिनं. मी माझी जळजळ रोज तिच्या ताटात वाढत होते, आणि ती ती गिळत होती. इतकी वर्षं गप्प बसणाऱ्या बाईनं शेवटी काय केलं, तर माझ्याच जुन्या झग्याची पिशवी शिवली.

"पदू? ऐकतीस ना?"

"नाही," मी म्हणाले. "अडकली नाही. दोन्ही आल्या."

फोनमधलं कार्ड टिकटिक करत उतरत होतं.

"दोन्ही?"

"दोन्ही."

"बरं," आई म्हणाली. मग, "जेवलीस का?"

"जेवते आता."

"जेव. थंडी असेल तिकडं, डोकं बांध."

फोन ठेवून मी बाहेर आले. सुवर्णा पायऱ्यांवरच होती. अण्णा आयोजक बाईच्या टेबलापाशी हात मागं बांधून उभे होते, माझ्याकडे पाठ करून. मी अण्णांच्या पिशवीतून पाना काढला, सायकलजवळ उकिडवी बसले, सीटचा नट सैल केला आणि सीट दोन बोटं वर ओढली. मग नट आवळला. परत एकदा आवळला.

"काय करालीस?" सुवर्णा उठून आली.

"बसून बघ. बरोबर झालीय का?"

"पद्मे, असं नको. तू पळ."

"बस म्हटलं ना."

ती बसली. पाय पुरा सरळ झाला. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मला तिची दया आली नाही, प्रेमही आलं नाही, खोटं कशाला बोलू? पोटात तेच जळत होतं, सकाळपेक्षा जास्तच. एवढंच की आता ते माझ्या एकटीचं होतं आणि घरी नेऊन कुणाच्या पानात वाढायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी रस्त्याच्या कडेला पाण्याची बाटली घेऊन अण्णांच्या शेजारी उभी राहिले. पुढं वारा फोडायला कुणी नसताना सुवर्णा शेवटच्या चढाला चौथी होती, आणि माथ्यावर दुसरी. ती आमच्यासमोरून गेली तेव्हा अण्णांनी माझा दंड इतका घट्ट धरला की बोटं उमटली. निळ्या नळीवर माझं नाव होतं. वाचायला कुणाला वेळ नव्हता.

सोमवारी तिची सायकल सुटली. मेतकूट त्यांनी ठेवून घेतलं.

सांगलीत आलो, तर सुवर्णा घरी डिग्रजला न जाता आधी आमच्याकडेच उतरली. आई दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती. आधी माझ्यावरून ओवाळला, मग तिच्यावरून. सुवर्णानं गळ्यातलं चांदीचं पदक काढलं आणि वाकून आईच्या पायांवर ठेवलं.

"हे तुमचं काकू," ती म्हणाली. "माझी सायकल अडकून पडली, पद्मानं स्वतःची दिली. आणि तुम्ही एवढं बांधून दिलेलं मेतकूट, त्या मेल्यांनी काढून घेतलं. एक घास बी मिळाला न्हाई बघा मला. पर तुम्ही आठवणीनं दिलंत, त्याच्यावरच मी पळालो."

ती अजून वाकलेलीच होती. तिच्या पाठीवरून आईनं माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. तिनंही वळवली नाही. अण्णा मागं रिक्षावाल्याशी सामानावरून काहीतरी बोलत होते. त्यांना यातलं काही कळलं नाही, आणि पुढंही कधी कळलं नाही.

आईनं सुवर्णाला खांद्याला धरून उठवलं. पदक उचलून तिच्या हातात परत दिलं. मग ती स्वयंपाकघरात गेली. डब्यांची झाकणं वाजली, कढई चढली, आणि थोड्या वेळानं हरभऱ्याची डाळ भाजल्याचा वास सगळ्या घरात पसरला.

मी आत गेले तेव्हा ती शेगडीपुढं बसून डाळ हलवत होती. पदरानं तोंड पुसत होती, धूर झाला म्हणून.

"बस," ती म्हणाली. "तांदूळ निवडून दे. जास्तच करते. तिला नेता येईल तेवढं."

मी तिच्या शेजारी बसले आणि तांदूळ निवडायला घेतले.